गयाबाईचा हौद

मव्हं माहेर कंधारकडचं, ताई. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं ऱ्हायचा, आनि मोठा दुष्काळ पडला तव्हा म्या आईसंगं रस्त्यावर खडी फोडली, सरकारची सुकडी खाऊन वाढले म्हना. लग्न करून लातूरला आले. मालक मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, एका आडतीवर हमाल. तव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात व्हतं, मंग आपलाच येगळा जिल्हा झाला, कलेक्टर आला, मोठमोठी हापिसं आली, लोकायनं गुलाल उधळला. पन पाऊस काई आला न्हाई बगा. जिल्हा नवा आनि दुष्काळ जुनाच. नळाला पानी न्हाई, टँकर आला की बायका एकमेकीच्या झिंज्या धरायच्या.

म्या तव्हा तेलाच्या मिलीत व्हते. सरकीचं तेल काळं निघतं, ते साफ करायला सोडा लागतो, कास्टिक म्हनतात त्याला. पांढरे पापुद्रे असतात, दिसायला मिठावानी. आमी बायका ते घमेल्यानं डरमात टाकायचो आनि पान्यात इरघळून द्यायचो. हाताला भोकं पडायची, नखं पिवळी व्हायची, पन कोन इचारतंय? खोबऱ्याचं तेल चोळायचं आनि दुसऱ्या दिवशी परत जायचं.

आता ह्याची रीत अशी हाय, की पानी आधी घ्यायचं अन् सोडा थोडा थोडा टाकायचा. त्या दिवशी टँकरच आला न्हाई. मुकादम म्हनला, सोडा भरून ठेवा डरमात, पानी आलं की वरून ओता, उगं खोळंबा नको. रसूलबी म्हनली, ऐसा नै करते मुकादम, उडता वो. रसूलबी म्हंजी आमच्यातली थोरली, लई वर्सं झाली व्हती तिला मिलीत. त्यो म्हनला, तुला काम करायचं का घरी जायचं? टँकर आला, म्या बादली आनली अन् ओतली. काय सांगू तुम्हाला ताई, डरम बोललाच एकदम. भस्सकन वर आलं ते समदं आनि मव्हं पोट, मांड्या, हात, समद्यावर बसलं. आधी नुसतं साबनावानी बुळबुळीत लागलं, अन् मंग जे पेटलं ते पेटलंच.

म्या खाली बसले. लुगडं दाबून धरलं पोटाशी. आन् रसूलबी पळत आली, म्हनली, निकाल, निकाल वो लुगडा, कपडा पीता उसकू, चमडी जाती तेरी. म्या कशाची सोडते! समोर सरकीच्या गाड्या खाली करनारे गडी उभे, ड्रायव्हर उभा, मुकादम उभा. तिनं मव्हं काई ऐकलं न्हाई. वढत नेलं टँकरपशी, तोटी सोडली आनि दिवसाढवळ्या, भर मिलीत, मव्हं लुगडं फेडलं. झंपर फाडला. मुकादम वरडला, आरं पानी बंद करा, बॉयलरचं पानी हाय ते! तर रसूलबी त्याच्या अंगावर गेली, म्हनली, तेरी मां जलती तो बंद करता क्या? आनि गड्यायला म्हनली, क्या देखते रे, मुंड्या फिराव उधर. काईंनी फिरवल्या. काईंनी न्हाई फिरवल्या.

आग व्हत व्हती ती म्या इसरले आता, ताई. पन ते उभे ऱ्हायलेले पाय आठवतात. वर बघायची हिंमतच न्हवती, म्हनून नुसते पायच दिसले. कोनाच्या चपला, कोनाचे अनवानी.

मंग मला बारदान्यात गुंडाळलं आनि हातगाड्यावर घालून न्हेलं, ते बी मोंढ्यातून, जिथं मालकाच्या जोडीचे समदे हमाल बसलेले. मुनीम गाड्यासंगं चालत व्हता, म्हनला, गयाबाई, घरी आदन सांडलं म्हनायचं बरं का, मिलीचं नाव काढू नको. म्या हाव म्हनले. मला बी तेच बरं वाटलं. घरात भाजली म्हनलं की कोनी उघडं करायची गोष्ट तर निघत न्हाई.

दवाखान्यात डाक्टर पोरगेलासा व्हता. म्या त्याला हात दावला, पोट दावलं, मांडी न्हाई दावली. चार-पाच दिसांत वास सुटला. उदगीरकडची एक नर्सबाई व्हती, तिनं पडदा वढला, बगितलं आनि म्हनली, हे आदनाचं न्हाई, अक्का, खरं सांग. मंग सांगितलं. डाक्टर म्हनला, पानी जिथवर गेलं तिथवरचं भरून येईल. मांड्या तुमी घट्ट मिटून धरल्या आसतील, तिथं पानी गेलंच न्हाई. तिथलं मांस गेलंय. ज्या बाईनं धुतलं तिच्यामुळं वाचलात.

पन मला तिचं तोंड बघू वाटंना. मालकांनी ती मोंढ्यातली आडत सोडली आनि लांबच्या आडतीवर जाऊ लागले. त्यास्नी जोडीदारांनी काय म्हनलं आसंल ते म्या कधी इचारलं न्हाई. रसूलबी दारात आली की म्या झोपेचं सोंग घ्यायची.

ती मातर गप बसली न्हाई. नव्या जिल्ह्याचं हापिस आलं व्हतं, कारखाने तपासनाऱ्या सायबाचं, तिथं ती चार बायका घेऊन गेली. सायेब मिलीत आला, मला बोलावून घेतलं. मिलीचा शेट, मुनीम, मुकादम समदे गोल करून उभे, आनि सायेब इचारतो, बाई, कुठं भाजलं? म्या पदर तोंडावर वढला. रसूलबी म्हनली, सायेब, इन लोकां को भायेर भेजो, फिर पुछो. त्यानं घालवलं समद्यायला भायेर. मंग म्या भिताडाकडं तोंड करून सांगितलं, आदन न्हवतं, सोडा व्हता, आनि मुकादमानं काय सांगितलं व्हतं ते बी. सायेब म्हनला, हातमोजे, बूट, अंग धुवायला भरपूर पानी, हा तुमचा हक्क हाय, कोनाची मेहरबानी न्हाई.

मोजे आले, गड्यायच्या मापाचे. मुकादम दुसऱ्या खात्यात गेला. आनि सोड्याच्या शेडशेजारी शिमिटाचा हौद बांधला, चारीकडून पत्र्याचा आडोसा, दुष्काळात बी त्यो भरलेला ठेवायचा आसं ठरलं. त्याला नाव पडलं गयाबाईचा हौद. नवी बाई कामाला आली की जुन्या तिला सांगायच्या, अंगावर उडलं की गयाबाईच्या हौदात पळ आनि लुगडं फेड, लाजू नको. जखमा भरल्यावर म्या बी परत कामाला लागले व्हते, तिथंच घमेलं घेऊन उभी आसायची. काय वाटत आसंल सांगा! मव्हं नागवं होनं समद्या मिलीला तोंडपाठ.

पुढं निलंग्याकडची एक नवी सून लागली कामाला. तिच्या छातीवर उडलं. ती नीट पळत गेली हौदात, आडोश्यामागं समदं काढलं, धुवत बसली. दुसऱ्या दिवशी कामावर आली, नुसती लाल झाली व्हती. म्हनली, मावशी, गयाबाई तुमीच का? पाया पडली. म्या कामावरून सुटले ते नीट रसूलबीच्या घरी गेले, तिच्या हातचा च्या पेले. म्हनले, लई दिस तुला तोंड दावलं न्हाई. ती म्हनली, मैं तो भूल गई थी गे. खोटं बोलली. पन बरं वाटलं.

मिल बंद पडून बी जमाना झाला. रसूलबी गेली, मालक गेले. ल्योक अहमदपूरला यष्टीच्या डेपोत हाय, त्याच्याकडं असते. अजून बी न्हातानी म्या लुगडं नेसूनच न्हाते, सुनंनं पाठ चोळते म्हनलं तरी नको म्हनते. ह्या वयात कशाची लाज, आसं पोरं म्हनतात. आता हाय तर हाय, कुठं टाकू?

तुमी बाईमानूस म्हनून बोलले. तुमच्या लिखानात मव्हं नाव टाकू का म्हनता? टाका. कुठं भाजलं ते मातर... न्हाई, ते बी टाका. त्याबिगर दुसरीला कसं कळंल, कुठवर धुवायचं ते. सुखी ऱ्हावा, ताई.