तिच्या इंजिनात माझा दगड

...आणि वर मलाच म्हणते, ‘दीपाताई, तुमची मटेरियलं जुनी झालीत ना, म्हणून असं होतंय.’ जुनी? अगं, दगड जुना नसंल तर काय मागच्या मंगळवारी पिकलाय का? तुम्हाला सांगते, मी काय जळत नाय हां तिच्यावर. बिलकुल नाय! जळण्यासारखं हाय काय तिच्यात? वय तेवीस, केस सरळ, रोज डब्यात पास्ता... जाऊ द्या!

स्वराली नाव तिचं. आमच्या कालिंदी मॅडम आर्किटेक्ट, उस्मानपुऱ्यात ऑफिस, तिथं ही दिवाळीनंतर लागली. मी नऊ वर्षांपासून हाय. माझं काम थ्रीडीचं, म्हणजे घर बांधायच्या आधी ते कसं दिसंल त्याचं चित्र करायचं. आता नुसती भिंत काढून भागत नाय, तिला अंग द्यावं लागतं. वीट का दगड, गुळगुळीत का खरबरीत, ऊन पडलं तर चमकंल का नाय... त्याला आम्ही मटेरियल म्हणतो. माझ्याकडं अशी चारशे बारा! एकूण एक माझ्या हातची! माझ्या मामेभावाच्या, सत्यमच्या लग्नात, देवगाव रंगारीला, अख्खं गाव नवरीचे फोटो काढू राहिलं आणि मी मंडपामागं विहिरीच्या काळ्या दगडाचे. मामा म्हणतात, ‘दीपे, काय हरवलं का गं?’ म्हटलं, मामा, सरका, सावली पडू राहिली! चितेगावकडं वीटभट्टीवर गुडघे टेकून बसले तर तिथला वॉचमन हळूच विचारतो, ‘मॅडम, नवस हाय का कशाचा?’ एवढी मेहनत!

आणि ही बया पहिल्याच आठवड्यात मॅडमला म्हणती, ‘मॅऽऽम, आपण नवीन रेंडरिंग इंजिन घेऊया ना, इतकं क्यूट लाइटिंग येतं!’ इंजिन म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. घर आपल्याकडं काढायचं आणि फोटोसारखं दिसायला तिकडं न्यायचं. नेलं! माझं घर नेलं, उघडलं, आणि काय सांगू... विटा गायब, खिडकीची काच चुना फासल्यासारखी, जाळीचा दरवाजा काळाठिक्कर, आणि माझा विहिरीचा दगड? प्लास्टिकच्या बादलीवानी चमकू राहिला! का, तर म्हणे त्या इंजिनाला आपल्या मटेरियलची भाषाच कळत नाय. रंग तेवढा आत घेतं, खरबरीतपणा दारातच काढून ठेवतं. आणि हिचं सगळं त्या इंजिनाबरोबर आयतं आलेलं! लाकूड परदेशी, झाडं परदेशी, ऊन बी तिकडचंच, मवाळ. घरापुढचा रस्ता तर बारा महिने ओला. आमच्या नळाला पाणी यायला आठवडा लागतो आणि हिच्या चित्रात डांबर निथळतंय! पण मी जळले का? नाय!

आता तुम्ही म्हणाल, होऊ दे की. होऊ दे कसं? ऑफिसात नवा कॉम्प्युटर आलेला. तगडं ग्राफिक कार्ड, अजून खोक्यात. माझ्या जुन्या डबड्याला एक चित्र काढायला एवढा वेळ लागतो की तेवढ्यात माझी मेथीची जुडी निवडून होते. ऑफिसात बसून! खरं सांगते! आणि मॅडम म्हणाल्या, ‘गंगापूरच्या सांडूभाऊंचा बंगला तुम्ही दोघी करा. जिचं त्यांना आवडेल, तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर.’ नऊ वर्षं मी आणि अडीच महिने ती, आणि परीक्षा सारखी!

आठ दिवस, तुम्हाला सांगते, आठ दिवस मी एकेक मटेरियल त्या इंजिनात नव्यानं बसवलं. दगडाची चमक कमी कर, बघ, अजून कमी कर, बघ, आता लई झालं, वाढव... ती शेजारच्या खुर्चीत पास्ता खाऊ राहिली. मी म्हटलं का काही? पण शेवटी जमलं! माझा दगड दगडासारखा दिसला, आणि मला भर ऑफिसात रडू आलं.

मग सांडूभाऊ आले, उसाचे मोठे शेतकरी, संगं आई लक्ष्मीबाई. नवा कॉम्प्युटर खास त्यांच्यासाठी खोक्यातून काढलेला. आधी माझं. मी माझ्या डबड्यावर काढलेलं तयार चित्रच आणलेलं. लक्ष्मीबाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या, त्यांनी दगडावर हात फिरवला. हात फिरवला हो! ‘अगं बया, ही तर आपल्या विहिरीची कड!’ माझ्या मनात लाडू फुटायला लागले, तेवढ्यात म्हणतात, ‘चाळीस वर्सं हाच दगड बघू राहिले मी. नव्या घरात बी हाच बघू व्हय?’ सांडूभाऊ म्हणतात, ‘मॅडम, असलं तर हायेच की आमच्याकडं.’ संपलं!

मग हिचं. हिनं तयार चित्र नाय, ऐटीत अख्खी फाइलच उघडली... आणि सगळं घर राखाडी! लाकूड नाय, झाड नाय, ओला रस्ता नाय, नुसता राखाडी ठोकळा! नव्या कॉम्प्युटरवर त्याच इंजिनाची नवी आवृत्ती, हिची फाइल जुन्या आवृत्तीतली, मटेरियल एक बी आलं नाय! खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. एवढ्यात सांडूभाऊ पुढं सरकले. ‘वा! याला म्हणतात घर! कसं शांत... मोठ्या हॉटेलावानी!’ मॅडम लगेच, ‘हो ना, मिनिमल आहे.’ आणि ती कार्टी पापणी न लववता म्हणते, ‘थीमच तशी ठेवलीय, काका.’ थीम?! अगं, फाइल बोंबललीय तुझी! मला राहवलं नाय, मी म्हटलं, ‘सांडूभाऊ, ते अजून उघडलंच नाय!’ तर म्हणतात, ‘नाय उघडलं तेच बरं हाय, ताई.’

गेला कॉम्प्युटर तिच्या टेबलावर. आता गंगापुरात बंगला राखाडी होऊ राहिलाय, वरपासून खालपर्यंत, आणि त्यांच्या भावकीतल्या दोघांना बी तस्साच पाहिजे. मॅडम काल गोड आवाजात म्हणतात, ‘दीपमाला, मटेरियलमध्ये तुझा हात चांगला आहे, तो राखाडी नीट बनवून ठेव ना.’ म्हणजे माझा हात आणि तिचा बिघाड! केला. करते काय? सॉफ्टवेअर मटेरियलचं नाव विचारतं, मी ‘स्वराली’ टाकलं. मग म्हटलं, बघू तरी. इंजिनाच्या जुन्या आवृत्तीत टाकला. नव्या आवृत्तीत टाकला. तिसऱ्याच कंपनीचं फुकटातलं इंजिन उतरवून त्यात बी टाकला...

सगळीकडं बरोब्बर उघडतो मेला!