नाव न सांगता आलेला फोन

लिफ्टवाला: परत एकदा वाचा ना, ताई.

ताई: तीनदा वाचलं. कागद तुमच्याच हातात आहे.

लिफ्टवाला: माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

ताई: बरं. वय अठरा महिने. एचआयव्ही तपासणी, शेवटची. संसर्ग आढळला नाही. तुमच्या लेकीला काही नाही, भाऊ. तिची फाइल आज बंद. यापुढे तिने इथे यायचं ते फक्त तुम्हा दोघांच्या गोळ्यांच्या दिवशी, माझ्या खुर्च्या चाटायला.

लिफ्टवाला: जीव भांड्यात पडला. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी. दोर तुटला तरी खालचा ब्रेक आपोआप रुळाला चावतो, हे मला पाठ आहे. तरी कॅबिन थांबली की दर वेळी अंगावर काटा येतो. आई-बाप दोघांच्याही रक्तात ते, आणि ही एवढीशी पोर मधून कोरडी निघाली! कसं काय हो?

ताई: तिच्या आईने एक गोळी चुकवली नाही. एकही नाही.

लिफ्टवाला: ते आहेच. पण सुरुवात तुमच्या फोनपासून झाली. सातव्या मजल्यावर कॅबिनच्या डोक्यावर उभा होतो मी, हातात ग्रीसचा डबा. तुम्ही म्हणालात, तब्येतीबद्दल खासगी बोलायचंय, उद्या केंद्रावर या. आलो, तर म्हणे एका व्यक्तीने तुमचं नाव दिलंय, तपासून घेता का? तेव्हा बायकोला तिसरा महिना. तो फोन आला नसता तर आज हा कागद असा असता का?

ताई: सांगता येत नाही.

लिफ्टवाला: म्हणून विचारतो. कोण होती ती व्यक्ती?

ताई: आलात का परत तिथेच!

लिफ्टवाला: आज तरी सांगा. आज गोड दिवस आहे.

ताई: गोड दिवसाला वेगळा कायदा नाही. ते नाव कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि माझ्या तोंडाला त्याहून मोठं आहे. ज्याचं त्याने लिहून दिल्याशिवाय ते मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगणार नाही. नोकरी जाईल ते सोडा. एक नाव फुटलं, तर उद्यापासून इथे कुणी नावच देणार नाही. मग पुढचा फोन कुणाला करू?

लिफ्टवाला: मला भांडायचं नाहीये, ताई. भांडून झालंय. तीच तर बोच आहे.

ताई: कुणाशी भांडलात?

लिफ्टवाला: लग्नाआधी एक होती. कपडे शिवायची. माझं लग्न ठरलं आणि मी जायचाच बंद झालो, निरोपसुद्धा दिला नाही. तुमच्याकडे निकाल कळला, त्याच आठवड्यात तिच्या दारात गेलो. ‘माझं वाटोळं केलंस’ म्हणून ओरडलो. कसलं ते बोललो नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. सगळी गल्ली गोळा झाली. ती मशीनवर बसलेली. पाय थांबवून नुसती बघत राहिली, एक शब्द नाही. मला वाटलं, मनात खोट आहे, बोलेल कशाला?

ताई: आणि आता?

लिफ्टवाला: आता वाटतं, जिने नाव दिलं तिने माझी पोर वाचवली, आणि मी तिलाच शिव्या घालून आलो. पाय धरायचेत तिचे. तुम्ही बोलू नका. फक्त मान हलवा. तीच ना?

ताई: मी मान हलवणार नाही.

लिफ्टवाला: नाही म्हणून तरी?

ताई: नाही म्हणूनही नाही.

(बायको दार ढकलून आत येते. खांद्यावर लेक झोपलेली.)

बायको: बाहेरच्या बाकड्यापर्यंत आवाज येतोय तुमचा. ही उठेल.

लिफ्टवाला: अगं, तू तरी सांग ताईंना. एवढे उपकार कुणी केले, त्याचं नाव कळायला नको?

बायको: ताई, मी स्वतः बोलले तर चालतं का? की कागद लागतो?

ताई: तुम्ही स्वतः बोलणार असाल तर कागद कशाला? पण विचार करा. एकदा बोललेलं परत घेता येत नाही.

बायको: दोन वर्षं विचारच केला. अहो, मी दिलं नाव.

लिफ्टवाला: कुणाचं?

बायको: तुमचं.

लिफ्टवाला: काहीतरीच. तुला तर मी सांगितलं. घरी येऊन, ओट्याशी उभा राहून मी सांगितलं तुला.

बायको: त्याच्या चार दिवस आधी मला कळलं होतं. प्रसूतीच्या दवाखान्यात पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या झाल्या, तुम्ही कामावर होतात. सही घेऊन रक्त काढलं, मग मला ताईंकडे पाठवलं. बाहेर बाकड्यावर एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर स्वतःच्या कपड्यांची पिशवी. तिने घरी सांगितलं, तर नवऱ्याने स्वतःचं रक्त न तपासताच तिला बाहेर काढलं. जिचा कागद आधी, तिच्या डोक्यावर खापर. मी ताईंना म्हटलं, माझ्या तोंडून नको. त्यांना आधी त्यांचं कळू दे.

लिफ्टवाला: आणि चार दिवस तू माझे डबे भरलेस?

बायको: भरले. आणि माझी बॅगही भरली. शेजारच्या काकूंच्या पलंगाखाली ठेवली होती.

लिफ्टवाला: मग मी तुला इथे घेऊन आलो, तेव्हा तू परत हात पुढे केलास! आणि रडलीस. मी बघितलं, खरं रडलीस.

बायको: खरंच रडले. दुसऱ्यांदा ऐकलं तरी पहिल्याइतकंच लागलं.

ताई: एवढ्या वर्षांत असा दंड कुणी पुढे केलेला पाहिला नाही मी, भाऊ.

लिफ्टवाला: मला खुर्चीतून उठवलंस ते तू. मी मनात म्हटलं, ही बाई आहे तरी कशाची बनलेली! मी तुला धीर देत होतो. तुला! हसली असशील मनात.

बायको: नाही हो. ओट्याशी आलात तेव्हा तुम्ही पहिलं काय बोललात, आठवतं?

लिफ्टवाला: नाही. काहीतरी बरळलो असेन.

बायको: ‘माझ्यामुळे झालं,’ म्हणालात. माझं रक्त तपासायच्या आधी. मी संध्याकाळी जाऊन बॅग परत आणली.

लिफ्टवाला: ताई, हिच्यापुढे मी काय बोलू? एवढंसं वाटतंय मला. घरातच होतं ते नाव, आणि मी गावभर शोधत बसलो.

बायको: त्या शिवणाऱ्या बाईचं सांगितलं होतंत. दारात ओरडून आलात, हे नव्हतं सांगितलं.

लिफ्टवाला: लाज वाटली. पण मग ती गप्प का राहिली? नाव तिने दिलंच नव्हतं, तर उलटून बोलायची की.

बायको: कशाबद्दल बोलणार? तिला काही माहीतच नव्हतं.

लिफ्टवाला: ताई. तुम्ही मला विचारलं होतं, तुमच्याकडून कुणाला कळवायचंय का.

ताई: दोनदा विचारलं होतं.

लिफ्टवाला: आणि मी म्हणालो, कुणी उरलं नाही. मला वाटलं, तिनेच नाव दिलं, म्हणजे तिला ठाऊकच आहे. म्हणजे… तिला फोनच गेला नाही?

ताई: नाव मिळाल्याशिवाय मी कुणाला फोन करणार? तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं मी. तेवढी चूक माझी.

लिफ्टवाला: दोन वर्षं, ताई! दोन वर्षं ती बाई मशीन चालवतेय, आणि तिला कुणी काही सांगितलं नाही.

बायको: आता बसू नका कपाळाला हात लावून. लिहून द्या.

ताई: हा घ्या कागद. नाव, पत्ता, फोन. आजच लावते. उचलणारी तीच आहे याची खात्री केल्याशिवाय बोलणार नाही, घरात कुणाकडे निरोप ठेवणार नाही. ती इथे आली की दार लावून बोलेन. तिला असेल किंवा नसेलही. कुणाकडून कुणाला, हे या खोलीत कुणी विचारत नाही. तुमचं नाव निघणार नाही, निश्चिंत राहा.

लिफ्टवाला: निघू दे.

ताई: नीट विचार करून बोला.

लिफ्टवाला: माझं नाव सांगा. म्हणावं, दारात ओरडून गेला होता, त्यानेच कळवलंय. नाहीतर तीही कुणाच्या तरी दारात जाईल, आणि कुणाचं तरी नाव द्यायचं राहील.

ताई: मग इथे खाली लिहा, ‘माझे नाव सांगण्यास माझी परवानगी आहे.’ आणि सही.

लिफ्टवाला: पेन द्या.

बायको: ताई, ती येईल त्या दिवशी मी बाहेर बाकड्यावर बसले तर? तिच्या शेजारी. हिला घेऊन.

ताई: बसा की. पण आधी तिला विचारते.