बाळाचं मशीन आणि कुंपणाच्या साड्या

मशीनचं कौतुक मला सांगू नका. माझा धाकटा भाऊ बाळा मुंबईहून रिटायर होऊन गावी आला, तो गवत कापायचं मशीन घेऊनच. काजू पडायला लागायच्या आधी बागेतलं रान काढावं लागतं, नाहीतर खाली पडलेली बी दिसत नाही. मी म्हटलं, "दोन गडी लाव." तर म्हणतो, "दादा, तू नुसता बसून बघ."

बसलो. हा कापत कापत गेला थेट कुंपणाला. आमच्याकडे रानडुक्कर आत येऊ नये म्हणून बागेभोवती जुन्या साड्या बांधतात. यंदा त्या बाळानेच बांधल्या होत्या. पात्यात एक पदर गेला, गरागरा गुंडाळला, खांब आडवे झाले, मशीन गचकन बंद पडलं आणि खांद्यावरच्या पट्ट्यासकट बाळा साड्यांत लोळायला लागला.

"दादा, सोडव रे!"

"बसून बघायला सांगितलंस ना? बघतोय."

तरी कोयती घेऊन उठलो. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. पात्याला काय गुंडाळलंय ते बघून तिने किटली खालीच ठेवली.

"ही माझी इरकल! पेटीतली! आणि मला म्हणालात, मुंबईलाच राहिली असेल!"

"अगं, एक साडी कमी पडत होती," बाळा खालूनच म्हणाला.

तिने माझ्यापुढे हात केला. "भावोजी, ती कोयती द्या इकडे."

मी दिली नाही. कसा का असेना, सख्खा भाऊ आहे.