फाउस्तोची उंच सीट

इटलीतल्या फेरारा गावात, तेओच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मार्ता वडिलांची सायकल धरून उभी होती. वडील गेल्यापासून तिच्या उंच सीटला कोणी हात लावला नव्हता. ती खाली घेतल्याशिवाय मार्ताला सायकल चालवता येणार नव्हती, आणि खाली घ्यायला मन होत नव्हतं. रांगेत तिच्या पुढे असलेल्या इर्माकाकूंची तेओशी जुंपली होती.

"काकू, टाच पायडलवर ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. सीट वर घ्यावी लागेल."

"वर घेतलीस तर पाय जमिनीला टेकणार कसे?"

"चालवताना कशाला टेकायचेत?"

"चालवताना नाही रे, थांबल्यावर! बेकरीपर्यंत जाताना अख्खं गाव भेटतं मला. दर वेळी उतरून बोलू?"

"मग गुडघे दुखतात म्हणून सांगत येऊ नका."

"ते सांगायलाच तर थांबते मी!"

तेओने कपाळावर हात मारला आणि पाना उचलून सीट खाली घेतली. काकू विजयी मुद्रेने मागे वळल्या.

"ही सायकल फाउस्तोची ना? तू त्याची मुलगी?"

"हो."

"बघ तेओ, फाउस्तो तुझं ऐकणारा, सीट उंच ठेवणारा! कधी म्हणून थांबला नाही. नुसती घंटी वाजवून पुढे. एकदा ओरडले, अरे, थांब की जरा! तर म्हणतो, थांबलो तर पडेन!"

मार्ताला हसू फुटलं, ते आवरायला तिला वेळ लागला.

"तुमची सीट किती खाली घेऊ?" तेओने मार्ताला विचारलं.

तिने सायकल त्याच्या हाती दिली.

"काकूंसारखीच. पाय टेकले पाहिजेत."