दादारावकाकांनी खोडलेला शेवट

देऊळघाटच्या मंडळींनो, काकू, आणि विहाराच्या बाहेर उन्हात उभे आहात त्या सगळ्यांनो,

माझ्या आधी जे बोलले त्यांनी दादारावकाकांना थोर कादंबरीकार म्हटलं. मला तसं बोलता येणार नाही. पण आज बोलले नाही, तर या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.

मी वैशाली. बुलडाण्याला टायपिंगच्या दुकानात होते. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हेच काम. एका दुपारी काका बाजारात भाजी विकून आले. थैलीत मेथीच्या दोन उरलेल्या जुड्या आणि त्यांच्याखाली वही. म्हणाले, कादंबरी टाइप करायची आहे.

त्या वहीतलं एक पान मी गाळलं. मुद्दाम गाळलं. नवरा गेल्यावर एक बाई पानभर बोलत बोलत रडते, ते पान. वाटलं, कोणाला कळतंय? काकांना कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. मालक माझ्यावर खेकसला. काकांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि मला विचारलं, "काऊन गाळलं वं पोरी?"

मी म्हटलं, "काका, माहा बाप गेला तव्हा माय अशी नाई रडली. तिनं आधी तव्यावरची भाकर उतरवली. मंग खाली बसली."

काका स्टुलावर टेकले. खिशातून पेन काढला. "सांग," म्हणाले, "अजून कुठं कुठं मी खोटं बोलून राह्यलो?"

त्या दिवशी मला माझं काम सापडलं. मला लिहिता येत नाही, आजही येत नाही. पण खोटं वाक्य आलं की माझी बोटं थांबतात. काकांनी मेहकरहून, वरवट बकालहून लिहिणारे माझ्याकडे पाठवले. "आधी त्या पोरीले दाखव," म्हणायचे. माझ्या नावापुढं संपादक हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच पुस्तकात वाचला. दिवसभर तेच पान उघडून बसले होते.

आणि मी त्यांचं काय केलं?

या उन्हाळ्यात त्यांनी शेवटची कादंबरी आणली. दोन भाऊ. धाकटा भांडून गेलेला, वीस वर्षांनी परत येतो. थोरला त्याला मिठी मारतो. संपलं. मी म्हटलं, "शेवट नाई जमला, काका. एवढ्या लवकर कोणी माफ नाई करत." काकांना धाप लागली होती. म्हणाले, "राहू दे ना आता. हात थरथरते माहे." मला दिसत होते ते हात. मला सगळं दिसत होतं! तरी म्हटलं, "नाई काका. पुन्हा लिहा."

का म्हटलं मी? राहिली असती एक मिठी, तर काय बिघडलं असतं?

नऊ दिवसांनी काका गेले. काकूंनी वही आणून दिली. म्हणाल्या, "जेवाले बोलावलं का हे लिहिता लिहिता म्हणत, 'थांब, ते पोरगी आयकणार नाई.'" एवढंच म्हणाल्या. त्यात राग होता का, मला कळलं नाही.

वहीत जुना शेवट खोडलेला आहे. नवा अर्ध्या पानावर थांबला आहे. तुमच्यातले काही जण मला म्हणाले, वैशाली, तू पुरा कर. कसा करू? काही म्हणाले, जुना छापून टाक. तो त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलाय हो! कसा छापू? पुस्तक अर्धंच निघेल. माझ्यामुळे अर्धं निघेल.

काकू, मी तुमची माफी मागायला उभी राहिले होते. पण मागत नाही. मीच त्यांना म्हटलं होतं ना, एवढ्या लवकर कोणी माफ करत नाही.

टाइप झालेलं पान काका मला मोठ्यानं वाचायला लावायचे. खटकलं की म्हणायचे, "थांब." नाही खटकलं तर गप्प बसून राहायचे. आज त्यांच्या शेवटच्या ओळी वाचते. झाल्यावर कोणी काही बोलू नका. दोन मिनिटं नुसते बसा. मी त्यांच्या "थांब"ची वाट पाहीन.

जय भीम, काका. वाचते.

"थोरल्यानं दार उघडलं. ये म्हणाला नाही. जा म्हणाला नाही. दारातून नुसता बाजूला झाला, अन्"