एक ठक म्हणजे थांबा

नाही हो, मी रांगेत नाहीये, लावा तुम्ही तुमची गाडी चार्जिंगला, खुशाल लावा... माझी? माझी गाडी गेली. चोरीला नाही हो, घरचेच घेऊन गेले! मी तिकडे नळावर बाटली भरायला गेलो, येऊन बघतो तर जागा रिकामी, आणि इलेक्ट्रिक गाडी, निघताना साधं हूं की चूं नाही... सात सीट आहेत, तुम्हाला सांगतो, सात! आणि मी इथे बाटली घेऊन उभा. हसा, हसा. तुमची बॅटरी भरेपर्यंत तुम्हाला तरी दुसरं काय काम! पण सगळं ऐकून मग हसा, कारण चूक माझीच आहे, आणि आजची नाहीये, जुनी आहे.

आमची आधीची गाडी पाच सीटची. घरात माणसं सात. मी, बायको, दोन मुली, आई, आत्या आणि बाबा. आता पाचात सहा कसेही बसतात. आत्या बारीक आहे, दाराला चिकटून बसते आणि वळण आलं की श्वास रोखते. पण सातवा कुठे घालणार? मग बाबाच म्हणायचे, "तुम्ही व्हा रे पुढे, मला घरी काम आहे." काय काम हो? निवृत्त माणूस! फाटक लावायचं आणि पायरीवर बसायचं, हे काम! पण आपण आपल्या सोयीचं ते बरोब्बर खरं मानतो. मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या बाबांना फिरायची आवडच नाही, एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते ना, विटले असतील!

आणि ते काय करायचे, आम्ही बसलो की बाहेर उभं राहून डोकी मोजायचे, एक, दोन, तीन... सहा, आणि गाडीच्या टपावर ठकठक. दोन ठक म्हणजे चला. एक म्हणजे थांबा. कंडक्टरचा हिशोब. अकरा वर्षं, अकरा वर्षं हो, त्यांनी आम्हाला ठकठक करून रवाना केलं आणि स्वतः मागे राहिले, आणि मी आरशात बघून हात हलवायचो. लाज वाटते आता सांगायला.

शेवटी थोरलीनं विचारलं, "आपण आजोबांना कधीच का नेत नाही?" झालं! मी ताडकन उठलो, म्हटलं, गाडी घ्यायची, सात सीटची! आणि उगाच नाही घ्यायची, पारखून घ्यायची. माझा स्वभाव तसा. दोन पानी यादी केली. सरकती दारं? आहेत. एका चार्जिंगमध्ये किती जाते? भरपूर. सातही सीट भरल्या तर मागे सामान किती? एक बॅग, तीही पोट आत घेऊन. तिसऱ्या रांगेत पाय ठेवायला जागा? ते बसूनच बघावं लागेल, असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं.

गेलो सगळे शोरूमला. सगळे म्हणजे सातही! बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरच्या खिशात पेन. तिसऱ्या रांगेत कोण बसणार म्हटल्यावर मुलींनी नाकं मुरडली, आई म्हणाली माझे गुडघे, आत्या म्हणाली मला मळमळतं, आणि बाबा गेले की चढून, वाकून, मधली सीट आडवी करून! म्हणाले, "मला मागेच बरं. मागून सगळे दिसतात." गुडघे हनुवटीला लागले होते, पण चेहरा... कसा सांगू, पहिल्यांदा सहलीला निघालेल्या मुलासारखा.

आवारात दोन चकरा मारल्या. उतरलो. दारं सरकून आपोआप बंद झाली, मी वा वा केलं, किल्ली दिली आणि आत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं कॉफी मागवली, फॉर्म पुढे ओढला. "सर, फॅमिलीत किती जण?"

मी म्हटलं, "सहा."

हो! सहा! जिभेला वळणच ते, अकरा वर्षांचं! आणि सात सीटच्या गाडीचा फॉर्म भरतोय, तुम्हाला सांगतो, सात! बायको मुलींना आवरत होती, आई पोस्टर वाचत होती, कोणाच्या लक्षात नाही.

मग ती मुलगी सांगायला लागली, "सर, या गाडीचं खास म्हणजे, मागच्या सीटवर कोणी राहिलं ना, तर ती लगेच सूचना देते." आणि नेमका तिच्या स्क्रीनवर टुंग आवाज. मागच्या सीटवर कोणीतरी आहे! मी टाळी वाजवली हो! म्हटलं, काय झकास डेमो देता तुम्ही! ती गोंधळली, "सर, हा डेमो नाहीये." म्हटलं, अहो, आमचे सगळे इथेच आहेत, थांबा, मोजून दाखवतो. आणि मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. भरले!

धाकटी म्हणाली, "आणि आजोबा?"

...

पळालो. वीस मिनिटं झाली होती. बरं, गाडी सावलीत होती. दार सरकवलं, तर बाबा तसेच, हनुवटीला गुडघे. मी ओरडलोच, "बाबा, काच वाजवायची ना!" म्हणाले, "वाजवली. एकदा. एक म्हणजे थांबा." म्हटलं, मग परत वाजवायची! तर म्हणतात, "दोन झाल्या असत्या ना. दोन म्हणजे चला."

आणि ती मुलगी मागून धावत आलेली, तिला फॉर्मची काळजी, सगळ्यांसमोर म्हणते, "सर, तुम्ही तर सहा म्हणाला होतात!" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग तिनंच विचारलं, "आजोबा, त्रास नाही ना झाला?" तर हसून म्हणाले, "छे छे, अगदी घरच्यासारखं वाटलं."

टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर सुटलो असतो. मनापासून म्हणाले. महिनाभरापूर्वी कारखान्यातून आलेल्या गाडीला कळलं मागे कोणीतरी राहिलंय, आणि पोटच्या पोराला... जाऊ दे.

गाडी घेतली. न घेऊन तोंड कुठे दाखवणार! आता बाबा पुढे, खिडकीशी. स्टिअरिंग बायकोकडे. आणि तिसऱ्या रांगेत मी. माझी मीच शिक्षा ठरवली. शेजारी थोरली, कानात इअरफोन, बाजूला बाप आहे की बॅग, तिला काय फरक! आज पहिलाच लांबचा प्रवास. थांबलो इथे, चार्जिंग झालं, मी पाण्याला गेलो आणि... हे असं. कोणी राहिलं तर गाडी सांगते म्हणे! आत राहिलं तर सांगते हो, बाहेर राहिलं तर नाही.

फोन केला ना. बाबांनीच उचलला. म्हटलं, बाबा, मोजलं नाहीत? तर म्हणाले, "मोजले की! तू मागेच असशील म्हटलं. सहा भरले, दिली ठकठक." म्हटलं, सहा कसे भरतील, मी तर इथे आहे! तर अगदी ओशाळून म्हणाले, "अरे, आज स्वतःलाही धरलं रे मी. कंडक्टर कधी स्वतःला मोजत नाही ना... सवय नाही."

आता सांगा, रागवायचं कोणावर?

आली बघा, तीच ती, पांढरी... अहो, जरा पुढे घ्या तुमची, जाऊ द्या मला... हो, हो, तिसऱ्या रांगेत, माहितीये मला. चला, येतो हं. सात सीट आहेत, तुम्हाला सांगतो, सा... बाबा! बाबा, ठकठक नको, अजून एक पाय बाहेर आहे माझा!