आशाने चिंधी बांधलेली ओळ

मी, साधना शेखर बोरस्ते, वय ५४ वर्षे, काम शेतमजूर महिलांचे संघटन, राहणार गंगापूर रोड, नाशिक. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

पोलीस बंधूंनो, लोक तक्रार घेऊन येत नाहीत, परस्पर कायदा हातात घेतात, हे तुमचे नेहमीचे गाऱ्हाणे. माझ्या भाषणांतून मीही तेच मांडत आले. आशा मात्र आधी इथेच आली होती.

गोरक्ष बोरस्ते हा माझा चुलतदीर. त्याच्या द्राक्षबागेत हरसूलकडच्या बाया घडांच्या विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायला, येतात. प्रत्येक बाई आपल्या ओळीच्या तारेला स्वतःच्या लुगड्याची चिंधी बांधते, म्हणजे काम कोणाचे ते कळते.

सोमवारी गोरक्षने त्यांच्यातल्या आशाला फवारणीची औषधे ठेवायच्या खोलीत बोलावले. पुढचे तिने मला नंतर एवढेच सांगितले, "कडी आतून व्हती, ताई." मी जास्त विचारले नाही. त्याच कपड्यांवर ती सासू झुंबरबाईला घेऊन या ठाण्यात आली. मुकादमाला घेऊन ये, असे तिला सांगण्यात आले. मुकादमाने तिला परत बागेत नेले.

मंगळवारी मी बायांना भेटायला बागेत गेले होते. सगळ्यांदेखत गोरक्ष म्हणाला, "काय गं, चौकीला जाऊन आलीस म्हणे. चहा पाजला का नाय?" मुकादम हसला. आशा खाली मान घालून ओळीत शिरली.

दुपारी ती भाकरी खायला आली नाही, म्हणून मी पाहायला गेले. तिच्या ओळीत वेलीवर एकही घड नव्हता. सगळे देठापासून कापून खाली टाकलेले. चिंधी तारेला तशीच होती.

मी म्हणाले, "अगं, निदान चिंधी तरी सोडायचीस."

ती म्हणाली, "का सोडू? वळ माझीच हाय. आता तरी माझं नाव लिवतील ना?"

तिचे नाव लगेच लिहिले गेले. आरोपी म्हणून.

घड तिनेच कापले. नुकसान माझ्या सासरच्यांचे आहे, तरी जे घडले ते घडले असेच मी सांगते. पण या गुन्ह्याची सुरुवात त्या खोलीत झाली आणि तो वाढला या टेबलापाशी. सोमवारी तिचे ऐकून घेतले असते, तर मंगळवारी तिची कात्री फक्त मण्यांवर चालली असती.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. समोर बाकावर बसलेल्या आशानेही तो ऐकला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. आता महिला अंमलदारांना बोलवा, कोरा कागद घ्या आणि आशाची फिर्याद लिहा.